चार ऑफ-व्हाइट आणि एक जुनी फरशी

पत्र

आमचा कोथरूडमधला फ्लॅट जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. दसऱ्यानंतर हॉलला रंग काढायचाय. भिंती ऑफ-व्हाइटच हव्यात यावर घरात एकमत झालं आणि एकमत तिथंच संपलं. शेडकार्डातून मी चार शेड काढल्यात. नवरा म्हणतो, चारही एकच आहेत, डोळे मिटून बोट ठेव. सासूबाई म्हणतात, दोन नंबर गुलाबी आहे. आम्हा दोघांना तो गुलाबी दिसत नाही. गेल्याच महिन्यात त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे त्यांचं मत धरावं का, हाही प्रश्न आहे. सिअॅटलच्या बहिणीला फोटो पाठवले, तिचं मत चार नंबरला. पेंटर म्हणतात, “ताई, पांढरा घ्या, मी स्टेनर (रंगाचा दाट अर्क) टाकून पाहिजे तसा करून देतो.”

हॉलला उत्तरेकडे मोठी खिडकी आहे आणि समोर विटकरी रंगाची इमारत. फरशी जुन्या मोझॅकची, करडी, त्यात पिवळसर झाक. ती बदलणार नाही. दारांचा पांढरा ऑइल पेंट पिवळा पडलाय. आत्ताचा क्रीम रंग रात्री ट्यूबखाली हिरवट दिसतो, त्याचाच कंटाळा आलाय. मुलगा सहा वर्षांचा आहे, म्हणून नवऱ्याला चकचकीत, धुता येणारा रंग हवाय. चारही शेडचे तुकडे कापून सोबत पाठवतेय. कोणता घेऊ?

– शेडकार्डग्रस्त, कोथरूड

उत्तर

प्रिय शेडकार्डग्रस्त,

तीन नंबर घ्या.

पेंटर उद्याच येणार असतील तर इथंच थांबलात तरी चालेल. पण चार कपटे कापून, मागे नंबर घालून, पाकिटातून पाठवणाऱ्या बाईला नुसता आकडा सांगून भागणार नाही. शिवाय घरात “तीनच का?” असं विचारणारे तिघं तरी आहेत, चौथी सिअॅटलला.

आधी यजमानांचं बघू, कारण ते अर्धे बरोबर आहेत. चारांपैकी कोणताही एक रंग चारी भिंतींना दिला, खोली पूर्ण रिकामी ठेवली आणि तुम्हाला आत थोडा वेळ बसवलं, तर तुमचा डोळा त्यालाच पांढरा मानून मोकळा होईल. एकटा ऑफ-व्हाइट हा पांढराच असतो. पण तुमची खोली रिकामी नाही. तिला फरशी आहे, छत आहे, पिवळी पडलेली दारं आहेत, खिडकीसमोर ती इमारत आहे. ऑफ-व्हाइटच्या पोटात काय आहे ते हे शेजारी उघडं पाडतात. त्यामुळे चारांत सुंदर कोणता, हा प्रश्न तुम्ही सोडून द्या. जे तुम्ही बदलणार नाही आहात, त्याच्याशी कुणाचं जमतं तेवढंच बघायचं. हे एकदा मान्य केलं की चारातले दोन आपोआप गळतात.

पोटात काय आहे ते बघायला कपटे वेगवेगळे धरून उपयोग नाही. शेडकार्डावर प्रत्येक चौकोनाभोवती पांढरी कड असते आणि डोळा त्या कडेशी तुलना करत बसतो. त्या कडा कात्रीनं उडवा. चारही तुकडे एकमेकांना चिकटून, फट न ठेवता, खिडकीजवळ उभे धरा. ऊन थेट पडू देऊ नका. मी हे केलं तेव्हा जे दिसलं ते असं: एक नंबरात पिवळा आहे, लोण्याकडे झुकणारा. दोन नंबर गुलाबी आहे, आणि बराच आहे. तीन नंबरात पिवळा आहेच, पण त्याला किंचित करड्यानं शांत केलंय. चार नंबर निळसर करडा. ज्या कार्डात एकाच रंगाच्या फिक्या ते गडद छटा एका पट्टीवर दिलेल्या असतात, तिथे आणखी सोपं आहे. पट्टीच्या तळाची सगळ्यात गडद छटा बघा. वरचा फिका रंग जे लपवतो ते खालचा सांगून टाकतो.

कागदाशी तुलना करायचा मोह होईल. प्रिंटरचा कोरा कागद घेऊ नका. त्यात कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून चमक आणणारी रसायनं घातलेली असतात आणि दिवसाच्या उजेडात तो चक्क निळसर दिसतो. त्याच्या शेजारी कुठलाही ऑफ-व्हाइट मळकटच वाटणार.

हे नवीन शास्त्र आहे असं समजू नका. घराला चुना लावायचे तेव्हा त्यात थोडी नीळ घालायचे, ते याचसाठी. निळीमुळे चुन्याची पिवळट झाक मारली जायची आणि भिंत पांढरीशुभ्र वाटायची. आज दुकानातलं टिंटिंग मशीन याच्या उलट काम करतं. डब्यात टायटॅनियम डायऑक्साइडचा भरपूर पांढरा बेस असतो आणि मशीन त्यात अगदी थोडं पिवळं ऑक्साइड, थोडं काळं, कधी लाल ऑक्साइड सोडतं. पिवळ्यात काळं पडलं की झाक हिरवटाकडे सरकते. त्यात जरासं लाल गेलं की ती गुलाबीकडे येते. तुमच्या चार शेडमधला सगळा फरक म्हणजे लिटरामागे काही थेंबांचा हिशेब आहे.

म्हणूनच पेंटरचं “स्टेनर टाकून देतो” नको. माणूस हाताचा चांगला असेल, दिसायलाही ठीक करून देईल. पण पांढऱ्यात हातानं टाकलेल्या थेंबांना नंबर नसतो. पहिली बादली संपली की दुसरी थोडी वेगळी होणार, आणि पुढच्या वर्षी सोफ्यामागची भिंत खरवडली गेली की तो रंग पुन्हा कुणालाच करता येणार नाही. गडद निळ्यात थेंब इकडे-तिकडे झाला तर खपतो, ऑफ-व्हाइटमध्ये नाही. दुसरी एक पद्धत अशी की शेड एका कंपनीची आणि बेस दुसऱ्या कंपनीचा, कारण तो स्वस्त पडतो किंवा दुकानात तोच शिल्लक असतो. अशी जुळवलेली शेड दुकानातल्या दिव्याखाली हुबेहूब दिसते आणि घरातल्या दिव्याखाली फारकत घेते. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी साधलेला सारखेपणा उजेड बदलला की टिकत नाही. ज्या कंपनीचं कार्ड, त्याच कंपनीचा बेस. इथं पैसे वाचवू नका.

आता सासूबाई. त्यांचं मत धरा. किंबहुना रंगाच्या बाबतीत घरातला सगळ्यात स्वच्छ डोळा सध्या बहुधा त्यांचाच आहे. वय वाढतं तसं डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळसर होत जातं, मोतीबिंदूत तर ते तपकिरीपर्यंत जातं. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून नवं बसवतात आणि एकदम निळा उजेड पूर्ण आत येतो. एकच डोळा झालेला असताना पुष्कळांना दोन डोळ्यांनी दोन पांढरे दिसतात. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं, त्यानंतर रंग निळे दिसतात अशी त्यांचीही तक्रार होती, आणि त्यांच्याएवढी पांढऱ्याची पारख कुणाला असणार! सासूबाईंना एकेक डोळा झाकून ते कपटे बघायला सांगा. नव्या डोळ्यानं दोन नंबर गुलाबी आणि जुन्या डोळ्यानं नुसताच क्रीम दिसला, तर काय ते समजा. नव्या भिंगांपैकी काहींना मुद्दाम हलकी पिवळी झाक दिलेली असते, तरी जुन्या भिंगापेक्षा ती फारच स्वच्छ.

बहिणीचं मत मात्र प्रेमानं बाजूला ठेवा. फोन फोटो काढताना स्वतःच्या मनानं पांढरा ठरवतो आणि बाकी सगळं त्याप्रमाणे ओढून घेतो. तोच कपटा सोफ्यावर ठेवून काढा आणि मग फरशीवर ठेवून काढा, दोन वेगळे रंग मिळतील. त्यातून तिच्या स्क्रीनवर तिसराच. आणि खरं सांगायचं तर तिच्याकडचा उजेडच वेगळा आहे. सिअॅटल ४७ अंश उत्तरेला, तुम्ही साडेअठरा अंशांवर. “उत्तरेची खोली थंड, तिला उबदार रंग द्या” हा नियम तुम्ही कुठं ना कुठं वाचला असणार. तो तिकडच्या लोकांनी तिकडच्या घरांसाठी केलेला आहे. तिकडे भरदुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारी बारालाही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे वर्षातून दोनदा येतो तो त्यामुळेच. तेव्हा नियम अर्धाच घ्या.

तुमच्या खिडकीचं खरं प्रकरण ती समोरची इमारत आहे. उत्तरेच्या खिडकीतून तुम्हाला समोरच्या इमारतीची दक्षिणेची भिंत दिसते. आणि दक्षिणेच्या भिंतीवरच आपल्याकडे ऑक्टोबर ते मार्च ऊन पडून असतं. डिसेंबरात पुण्यात दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणजे उभ्या भिंतीवर तो चांगला सपाटून पडतो. ते ऊन विटकरी रंग घेऊन परततं आणि तुमच्या हॉलमध्ये शिरतं. म्हणजे पावसाळ्यात तुमच्याकडे ढगाळ, करडा उजेड, आणि थंडीत, ऐन स्वच्छ दुपारी, खोलीत विटकरी-गुलाबी छटा. दोन नंबर इथं बाद. आत्ता, ढगाळ हवेत, तो नुसता ऊबदार क्रीम वाटतो, म्हणून तुम्हाला आणि यजमानांना तो गुलाबी दिसला नाही. नोव्हेंबरात रंग सुकून पडदे लागतील, समोरच्या भिंतीवर ऊन येईल, आणि तुमचा हॉल पावडर लावल्यासारखा दिसायला लागेल. विटकरी उजेडाला भिंतीतून आणखी लाल पुरवू नका. करड्यानं शांत केलेला पिवळा तो उजेड सोसतो.

चार नंबर बाद होतो तो फरशी आणि दारांमुळे. फरशी खालून उजेड वर फेकते, विशेषतः खिडकीजवळ, आणि भिंतीचा गुडघ्यापर्यंतचा भाग तिच्याच छटेत भिजतो. तुमच्या मोझॅकला पिवळसर झाक आहे, ती बदलणार नाही असं तुम्हीच लिहिलंय (आणि बदलूही नका, असा पक्का मोझॅक आता सहजी कुणी घालून देत नाही). निळसर करडी भिंत तिच्यावर उभी केली की फरशी अधिक पिवळी दिसेल आणि भिंत अधिक निळी. दोघींचीही बदनामी. १८२४ साली भिंतीवर टांगायचे चित्र-पडदे विणणाऱ्या पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात मिशेल-युजीन शेव्हरल रंगखात्याचे प्रमुख झाले, तेव्हा विणकरांची तक्रार होती की काळी लोकर कच्ची रंगवलेली आहे, सावल्या विणल्या की काळा उतरत नाही. शेव्हरल यांनी ती लोकर इतर ठिकाणच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. लोकरीत काही खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा तसा दिसत होता. तुमच्या भिंतीचंही हेच होणार आहे, फक्त तुमच्याकडे विणकरांऐवजी पाहुणे असतील.

याच कारणासाठी नमुना थेट जुन्या भिंतीवर मारू नका. क्रीमच्या मधोमध मारलेला कुठलाही ऑफ-व्हाइट करडा आणि थंड दिसतो, आणि मग लोक घाबरून आणखी पिवळा घेतात. पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा घ्या, निदान दोन फूट बाय दोन फूट. त्यावर प्रायमर, मग दोन हात. तीन नंबर आणि एक नंबर एवढेच करा, दोन आणि चारवर पैसे घालवू नका. जी लहानात लहान डबी मिळेल ती आणा. इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग, ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळल्यावर जरा गडद होतं, म्हणून मत दुसऱ्या दिवशी सकाळी बनवा. बोर्ड फरशीला टेकवून उभा ठेवा, मग दाराच्या चौकटीजवळ, मग कोपऱ्यात. कोपरा महत्त्वाचा. तिथे दोन भिंती एकमेकींवर उजेड फेकतात आणि झाक वाढते. चारी भिंती रंगल्या की सगळी खोली थोडीफार कोपऱ्यासारखी वागते. कपट्यावर जेमतेम जाणवणारा पिवळा खोलीत बोलायला लागतो तो यामुळे, आणि एक नंबरबद्दल माझी शंका हीच आहे. कपट्यावर तो फार गोड दिसतो. चार भिंतींवर तो तुमच्या आत्ताच्या क्रीमचाच चुलतभाऊ निघेल.

आता रात्रीचा हिरवटपणा. याचा दोष तुम्ही क्रीमला देताय, पण निम्मा दोष ट्यूबचा आहे. आपल्या घरांत सर्रास लागते ती ‘कूल डेलाइट’, ६५०० केल्विनची (हा आकडा जितका मोठा, उजेड तितका निळसर). तिच्यात निळा भरपूर आणि लाल बेताचा. क्रीममधला ऊबदार भाग उजळायला लालच लागतो, तो मिळाला नाही की मागे हिरवट पिवळा उरतो. या ट्यूबखाली तीन नंबरही संध्याकाळी मळका दिसेल, आणि मग तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल. त्यापेक्षा रंगाच्या आधी दिवे बदला. हॉलसाठी ४००० केल्विन घ्या. सगळ्यांना पिवळा उजेड आवडत असेल तर ३०००. २७०० मात्र या खोलीत नको, तुमचं सगळंच आधी पिवळसर आहे. बऱ्याच खोक्यांवर सीआरआय नावाचा आकडा असतो, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप. ८० चालतो, ९० मिळाला तर सोडू नका. आणि हॉलमधले सगळे दिवे एकाच जातीचे लावा. एका भिंतीवर पांढरी ट्यूब आणि दुसरीवर पिवळा एलईडी असेल, तर तुम्ही एक रंग देऊनही घरात दोन रंग नांदतील. दिव्यांचा खर्च रंगकामाच्या खर्चापुढे काहीच नाही, आणि कदाचित नवे दिवे लावल्यावर जुना क्रीमही तुम्हाला बरा वाटायला लागेल. तसं झालं तर रंग पुढच्या वर्षी काढा, मला वाईट वाटणार नाही.

दारांना हात लावणार की नाही ते तुम्ही लिहिलं नाहीत. लावा. पिवळी पडलेली चौकट आणि नवी भिंत शेजारी आल्या की चौकट म्हाताऱ्या दातासारखी दिसते, भिंत कितीही जपून निवडा. पांढरा ऑइल पेंट पिवळा पडतोच, आणि अंधाऱ्या जागी अधिक. दाराच्या मागची बाजू बघा, तिथं जास्त पडला असेल. या वेळी पाण्याचं इनॅमल घ्या, ते फारसं पिवळं पडत नाही. दारांना भिंतीचाच तीन नंबर द्या, फक्त फिनिश वेगळं. वेगळा पाचवा पांढरा शोधायला जाऊ नका.

इथं एक गोष्ट रंगनिवडीबाहेरची, पण घरात सहा वर्षांचा मुलगा आहे म्हणून. सोसायटी जुनी आहे. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांवर, आणणारा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटच्या थरांत शिसं असू शकतं. दारं कोरडी घासली की तेच धूळ होऊन घरभर बसतं. पेंटरना पाणी लावून घासायला सांगा, मास्क द्या, आणि घासकामाच्या दिवसांत मुलाला आजोळी किंवा कुठेही पाठवा. फरशी झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

छताला लोक डोळे मिटून दुधासारखा पांढरा मारतात. तसा मारलात तर त्याच्याखाली तीन नंबर जरा मळका वाटेल, शेव्हरल यांचं तेच गणित. छताला तीन नंबरच द्या, पण अर्ध्या ताकदीचा. दुकानात “हीच शेड, रंग अर्धा सोडा” असं सांगितलं की बहुतेक मशीनवर करून देतात. लिहून घ्या, म्हणजे पुढे पुन्हा मागता येईल.

फिनिशबद्दल यजमानांशी माझं पटत नाही. चकचकीत रंगात दिवा दिसतो, खिडकी दिसते, आणि तुमच्याकडे ती विटकरी इमारतही भिंतीत दिसेल. शिवाय जुन्या प्लास्टरवर लांबी (पुट्टी) कितीही निगुतीनं लावली तरी थोडा उंचसखलपणा राहतो. खिडकीच्या लगतच्या भिंतीवर उजेड आडवा पडतो आणि चकचकीत रंगात थापीचा एकेक हात मोजता येतो. वरच्या दर्जाचं मॅट इमल्शन आता ओल्या फडक्यानं पुसता येतं. पेन्सिल निघते, बॉलपेन नाही. मुलाच्या उंचीचा एखादा पट्टा सोफ्यामागे वगैरे जास्त मळणार असेल तर तिथे फळा लावा, भिंत चकचकीत करू नका. मॅट आणि सॉफ्ट शीन (किंचित चमक असलेलं) यांत अडलात तर सॉफ्ट शीनवर तडजोड करा. ग्लॉस नको.

भिंतीला कुठं ओल आहे का, ते मात्र आत्ताच बघून घ्या, पाऊस पूर्ण थांबायच्या आत. पिवळट डाग, फुगलेली लांबी, पांढरी बुरशीसारखी पूड, पोपडे. ऑफ-व्हाइट यातलं काहीही लपवत नाही. बाथरूमला लागून भिंत असेल तर आधी तिचा बंदोबस्त, रंग त्यानंतर. ओल असेल तर दसऱ्याची तारीख पुढं ढकला. दिवाळीच्या तोंडावर पेंटर पळापळ करतात आणि लांबी वाळायच्या आत पहिला हात मारून मोकळे होतात.

खरेदी करताना पूर्ण हॉलचा रंग एकदम घ्या. गुळगुळीत भिंतीवर दोन हातांसाठी लिटरामागे साधारण १२० ते १४० चौरस फूट धरतात, पेंटरकडून मापं घेऊन त्यावर एक लिटर जास्त सांगा. वेगवेगळे डबे आले तर मोठ्या पिंपात सगळे एकत्र ढवळून मगच सुरुवात करायला सांगा, कारण त्याच नंबरच्या दोन डब्यांतही थोडा फरक पडू शकतो. अर्धी भिंत एका डब्यानं आणि अर्धी दुसऱ्यानं झाली तर तो सांधा तुम्हाला रोज जेवताना दिसेल.

बोर्ड करून बघितल्यावर तीन आणि एक यांत तुमचं मन एककडेच गेलं, तर घ्या एक. नव्या दिव्यांखाली, नव्या दारांशेजारी तो निभावेल, फक्त त्याचीही ताकद अर्धी करून घ्या आणि छताला तोच द्या. त्यापुढे आणखी शेडकार्डं आणू नका.

उरलेला रंग मोठ्या डब्यात तसाच ठेवू नका, वरच्या हवेनं साय धरते. घट्ट झाकणाच्या लहान बरणीत काठोकाठ भरा. डब्यावरचा मशीनचा स्टिकर काढून तिच्यावर चिकटवा, खोली आणि महिना लिहा, स्टिकरचा फोटोही काढून ठेवा. पहिल्या काही महिन्यांत ओरखडा पडला तर याच रंगानं छोट्या रोलरनं दुरुस्त होईल, ब्रशनं नको, ब्रशचा माग वेगळा दिसतो. वर्ष-दीड वर्षानंतर मात्र मधेच ठिगळ लावू नका. भिंत तोवर धूळ-उजेडानं बदललेली असते. तेव्हा ती एक भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण मारून घ्या.